सेन्सर खोटा बोलतोय की इंजिन खरंच तापलंय? घरच्या घरी तपासा



आज जाळ्याचं नाही, डिझेलचंही नाही. आज बोलायचंय अंगठ्याएवढ्या एका पितळी वस्तूबद्दल. इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. कुणी त्याला टेंपरेचर सेन्सर म्हणतं, कुणी नुसतं ‘बल्ब’ म्हणतं. म्हावरं नेणाऱ्या टेम्पोत तो असतो, घरच्या गाडीत असतो आणि त्याचा भाऊबंद बोटीच्या इंजिनावरही असतो.

विषय निघाला मागच्या हंगामातल्या एका फेरीवरून. आपल्यातल्याच एका कुटुंबाचा छोटा टेम्पो आहे, इंजिन सीटखाली असलेला. डहाणूहून रात्री निघायचं, चारोटीला हायवे धरायचा, वापी-वलसाड-नवसारी करत पळसाण्याला डावीकडे वळायचं आणि उजाडायच्या आत सचिनला माल उतरवायचा. उधना, पांडेसरा, सचिन या पट्ट्यात कारखान्यांत काम करणारी खानदेशातली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. तिथे आपल्या बोंबलाला, मांदेलीला गिऱ्हाईक चांगलं आहे.

तर या टेम्पोचा काटा एका फेरीत अचानक लालपर्यंत गेला आणि पुन्हा खाली आला. दिवा लुकलुकला. सचिनजवळ एका गॅरेजात दाखवलं. त्याने बघताक्षणी सांगितलं, सेन्सर गेलाय. नवा बसवला. दोन फेऱ्या नीट गेल्या, तिसऱ्या फेरीत पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी दाखवलं, पुन्हा नवा सेन्सर. आठवड्याने पुन्हा काटा नाचायला लागला. तेव्हा सगळ्यांनी एकच ठरवलं, ‘हा सेन्सर खोटारडा आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.’

पुढच्या फेरीत काटा वर चढला. ड्रायव्हर चालवत राहिला. थोड्या वेळाने काटा आपोआप खाली आला, तसा तो निर्धास्त झाला. सचिन हाकेच्या अंतरावर असताना इंजिन बसलं. त्या दिवशी सेन्सर खरं बोलत होता. पाइपाची क्लिप सैल होऊन पाणी वाहून गेलं होतं. हेड गॅस्केट उडालं, हेड वाकलं. बर्फातला माल दुसरी गाडी येईपर्यंत उन्हात राहिला आणि अर्ध्याहून जास्त फेकावा लागला.

आणि काढलेले ते दोन सेन्सर? घरी आणून तपासले. दोन्ही चांगले होते!

म्हणून हा पाठ. सेन्सर हा साक्षीदार आहे. साक्ष तपासल्याशिवाय त्याला खोटं ठरवू नका, आणि खोटं ठरवून तसंच पुढे जाऊ तर मुळीच नका. तपासायला लागतं एक साधं मल्टिमीटर, एक जुना डबा, गरम पाणी आणि बर्फ. बर्फ आपल्याकडे असतोच.

काटा खाली का आला होता?

आधी हे समजून घ्या, कारण यातच इंजिनं जातात. सेन्सरचं टोक पाण्यात बुडालेलं असतं, तोवरच तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी गळून पातळी त्याच्या खाली गेली की टोक नुसत्या हवेत आणि वाफेत राहतं. हवेतून उष्णता पाण्याइतकी नीट पोचत नाही. मग आत लोखंड भाजत असतं आणि काटा मात्र खाली येतो.

म्हणून लक्षात ठेवा: काटा चढून आपोआप उतरला म्हणजे संकट टळलं असं नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, पाणी बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखालचं पाणी असतं, उसळून तोंडावर येतं.

हा सेन्सर काम कसं करतो?

पितळी टोपीच्या आत एक छोटा मणी असतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. त्याचा गुण असा की थंड असताना तो विजेला जास्त अडवतो आणि तापला की कमी अडवतो. या अडवण्याला रेझिस्टन्स म्हणतात, आणि तो ओहममध्ये मोजतात.

इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, या सेन्सरकडे ५ व्होल्ट पाठवतो आणि परत किती येतं त्यावरून तापमान ओळखतो. त्यावरून तो ठरवतो की डिझेल किती सोडायचं, सकाळी ग्लो प्लग किती वेळ तापवायचा, रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा कधी लावायचा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर या सेन्सरवाचून पान हलत नाही.

आता गंमत बघा. तार तुटली तर वीज जातच नाही. ईसीयूला वाटतं रेझिस्टन्स फार मोठा, म्हणजे इंजिन बर्फासारखं गार. स्कॅनरवर उणे ४० दिसतं. डहाणूत उणे ४०! आणि दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर रेझिस्टन्स शून्य, म्हणजे इंजिन भट्टीसारखं. स्कॅनरवर १३०-१४० दिसतं. दोन्ही वेळा सेन्सर बिचारा ठणठणीत असू शकतो.

कधी संशय घ्यावा?

- सकाळी थंड इंजिन उशिरा पेटतं, काळा धूर जास्त येतो, डिझेल जास्त जातं.
- चावी फिरवताच, इंजिन थंड असतानाच पंखा सुरू होतो.
- काटा झटक्यात वर जातो, झटक्यात खाली येतो. पाणी असं क्षणात तापत नाही आणि क्षणात निवत नाही. झटका दिसला की तार किंवा कनेक्टर आधी बघा.
- स्कॅनरवर पी०११५ ते पी०११९ यांपैकी कोड येतो. पी०११७ म्हणजे सिग्नल फार कमी, बहुधा शॉर्ट. पी०११८ म्हणजे सिग्नल फार जास्त, बहुधा तार तुटलेली. पी०११९ म्हणजे मध्येच येतं-जातं. आमच्या टेम्पोला हाच शेवटचा कोड होता, पण तो कुणी वाचलाच नाही.
- पी०१२८ आला तर इंजिन वेळेत तापत नाही असा अर्थ. तिथे सेन्सरच्या आधी थर्मोस्टॅट बघा, तो उघडा अडकलेला असू शकतो.

पहिली तपासणी: सेन्सर न काढता

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पुढचं करा.

१. आधी पाणी बघा. टाकीत खुणेपर्यंत आहे का, कुठे ओल आहे का, क्लिपा घट्ट आहेत का. पाणीच कमी असेल तर पुढची तपासणी नंतर.

२. सेन्सर शोधा. बहुतेक वेळा तो इंजिनाच्या हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ असतो, त्यावर दोन तारांचा प्लॅस्टिक कनेक्टर असतो.

३. चावी बंद. कनेक्टरची कुंडी दाबून तो हलकेच काढा. तारांना धरून ओढू नका.

४. कनेक्टरच्या आत बघा. पिना चकचकीत हव्यात. हिरवट कळंक किंवा पांढरी पावडर दिसली तर निम्मा तपास तिथेच झाला.

५. मल्टिमीटर ओहमच्या २० हजारांच्या खुणेवर ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकींना लावून बघा, जवळपास शून्य यायला हवं. मग सेन्सरच्या दोन पिनांवर लावा. हवा ३० अंशांच्या आसपास असेल तर सर्वसाधारण सेन्सर १,७०० ओहमच्या जवळपास दाखवतो. मीटरवर १.७ असं दिसेल.

मीटरवर काहीच आलं नाही तर सेन्सर आतून तुटलाय. अगदी शून्य आलं तर आत शॉर्ट आहे. आकडा जवळपास बरोबर आला तर सेन्सर बहुधा चांगला, आता तारेकडे वळा.

६. मीटर डीसी व्होल्टवर घ्या. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. गाडीकडून आलेल्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये मोजा. ५ व्होल्टच्या आसपास यायला हवं. आलं नाही तर तार, कनेक्टर किंवा ईसीयू यांत दोष आहे, नवा सेन्सर घालून उपयोग नाही.

हे करताना पंख्यापासून हात लांब ठेवा. कनेक्टर काढलेला असताना चावी ऑन केली की कित्येक गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो. ईसीयूला इंजिनाचं तापमान कळत नाही, म्हणून तो सावधगिरी घेतो.

दुसरी तपासणी: बर्फ आणि उकळतं पाणी

थंडीत बरोबर पण तापल्यावर चुकीचा, असेही सेन्सर असतात. ते पकडायला तो काढून पाण्यात तपासावा लागतो.

इंजिन थंड हवं. खाली परात ठेवा, कारण थोडं कूलंट सांडेल. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोडसर. पोरं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा, सांडलेलं लगेच धुवा. तपासणीला स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. रंगाचा जुना डबा स्वच्छ करून घ्या.

आता आपल्या धंद्याचा फायदा. शून्य अंश आणि शंभर अंश या दोन खुणा आपल्याला फुकट मिळतात. कुटलेला बर्फ आणि गोडं पाणी एकत्र करून ढवळलं की ते शून्य अंशाला येतं. आणि आपण समुद्रसपाटीला राहतो, म्हणून आपल्याकडे गोडं पाणी बरोबर शंभर अंशाला उकळतं. महाबळेश्वरला ते थोडं आधीच उकळेल.

पण दोन्हीकडे पाणी गोडंच हवं. माल जास्त गार राहावा म्हणून आपण बर्फात मीठ टाकतो, ते कशासाठी हे तुम्हाला सांगायला नको. मीठ पडलं की बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं. तोच बर्फ तपासणीला वापरला तर चांगला सेन्सरही चुकीचा वाटेल.

कृती अशी:

१. सेन्सर धुऊन पुसा. पिनांना दोन लांब तारा क्लिपांनी लावा, म्हणजे मीटर लांब ठेवता येईल.

२. सेन्सरचं फक्त पितळी टोक पाण्यात बुडेल असा टांगा. डब्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. प्लॅस्टिकचा भाग आणि पिना कोरड्या राहायला हव्यात.

३. आधी बर्फाचं पाणी. दोन-तीन मिनिटं थांबा, आकडा स्थिर झाला की लिहा.

४. मग साधं पाणी मंद शेगडीवर ठेवा. मधली तापमानं मोजायची असतील तर ११० अंशांपर्यंतचं थर्मामीटर घ्या. तापाचं थर्मामीटर चुकूनही नको, ते ४२ अंशांपुढे जात नाही, फुटेल.

५. तापत जाताना आकडा हळूहळू, न अडखळता खाली यायला हवा. मध्येच उडी मारली, अडकला किंवा गायब झाला तर सेन्सर खराब.

६. पाणी उकळलं की शेवटचा आकडा लिहा. मग पाणी निवताना पुन्हा बघा. त्या वेळी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरला हलके ठोका. आकडा थरथरला तर आत भेग आहे, रस्त्याच्या हादऱ्याने हाच सेन्सर फसवतो.

आकडे साधारण असे येतात (बऱ्याच गाड्यांत दिसणाऱ्या जातीचे):

- ० अंश: सुमारे ५,८०० ओहम
- २० अंश: सुमारे २,५००
- ४० अंश: सुमारे १,२००
- ६० अंश: सुमारे ६००
- ८० अंश: सुमारे ३२५
- १०० अंश: सुमारे १९०

थोडं इकडेतिकडे चालतं. काही कंपन्यांच्या सेन्सरचा आकडाच वेगळा असतो, म्हणून गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला तक्ता मिळाला तर तोच खरा मानायचा. पण दर ठिकाणी मोठा फरक येत असेल, किंवा थंडीत जुळून तापल्यावर भलतंच येत असेल, तर सेन्सर बदलाच.

परत बसवताना वॉशर नवा घाला. हात दुखेपर्यंत आवळू नका, हेड ॲल्युमिनियमचं असेल तर आटे जातात. कूलंट भरून आतली हवा नीट काढा. हवेचा फुगा सेन्सरपाशी अडकला तर तो पुन्हा खोटं बोलेल, आणि तेव्हा चूक त्याची नसेल.

मग टेम्पोचा दोष कुठे सापडला?

घरच्या वहिनींमुळे सापडला. हिशेब त्याच ठेवतात. दोन सेन्सरचे पैसे लिहिताना त्यांनी विचारलं, ‘गाडी रिकामी परत येताना काटा कधी नाचला का?’ कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठवून बघितलं तर दर वेळी भरल्या गाडीतच. त्यांचा पुढचा प्रश्न, ‘मग बर्फाचं पाणी गळतं कुठे?’

हौद्याच्या पुढच्या फळीत फट होती. क्रेटमधलं खारं पाणी तिथून सीटमागे, बरोबर तारांच्या जुडग्यावर ठिबकत होतं. सेन्सर बदलताना कनेक्टर काढला-घातला जायचा, पिना घासून थोड्या साफ व्हायच्या, दोन फेऱ्या नीट जायच्या. सगळ्यांना वाटायचं, नव्या सेन्सरने काम झालं. खरं काम कनेक्टर हलवल्याने झालेलं असायचं.

उपाय साधा होता. कनेक्टर गोड्या पाण्याने धुतला, पूर्ण वाळवला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बारीक ब्रशने साफ केला. तारेचं रबर थोडं सोललं तर आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं होतं. खारं पाणी तारेच्या आतून चढत जातं, म्हणून चकचकीत तांबं लागेपर्यंत तार कापली आणि नवा तुकडा जोडून वर स्लीव्ह तापवून बसवली. कनेक्टरात थोडं सिलिकॉन ग्रीस. फळीची फट बुजवली आणि बर्फाच्या पाण्याला मागून नळी काढून दिली. त्यानंतर काटा नाचला नाही. पण हेडचं काम तोवर करून झालं होतं आणि त्या दिवसाचा माल गेला तो गेलाच.

बोटवाल्यांसाठी

बोटीवर नियम तोच, वस्तू थोडी वेगळी. जुन्या इंजिनांवर बहुधा दोन गोष्टी असतात, त्यांची गल्लत करू नका.

पहिली, काट्याचा सेंडर. याला बहुधा एकच तार असते, परतीची वाट त्याच्या पितळी अंगातून इंजिनात जाते. म्हणून मोजताना एक टोक पिनेवर, दुसरं पितळी अंगावर. याचे आकडे वरच्या तक्त्यापेक्षा बरेच कमी असतात, तक्त्याशी जुळवू नका. तापताना आकडा सावकाश उतरतो का, एवढं बघा. आणि बसवताना टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे देऊ नका. टेपमुळे अंग इंजिनाला टेकतच नाही, वाट तुटते आणि काटा खोटा दाखवतो.

दुसरी, अलार्मचा स्विच. हा आकडा दाखवत नाही, ठरलेल्या तापमानाला नुसता जोडला जातो आणि भोंगा वाजतो. ते तापमान बहुधा त्याच्या अंगावर छापलेलं असतं. १०० च्या आत असेल तर गरम पाण्यात धरून मीटरच्या बझरवर तपासता येतो. १०० च्या वर असेल तर उकळत्या पाण्यातही तो जोडला जाणार नाही, खराब समजू नका. घरी तेल तापवून प्रयोग करू नका, तो मेकॅनिककडे द्या.

आणि समुद्रात असताना काट्याच्या आधी डोळ्यांवर भरवसा ठेवा. बाहेर फेकल्या जाणाऱ्या खाऱ्या पाण्याची धार बारीक झाली की तांडेलाने थांबायलाच हवं. इंपेलर तुटला किंवा तोंडाशी प्लॅस्टिक अडकलं तर ते आधी धारेत दिसतं, काट्यात मागाहून.

पावसाळी बंदीत बोट वर ओढलेली असते तेव्हा ही तपासणी उरकून घ्या. सेंडर, स्विच, तारा, भोंगा, सगळं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायच्या आधी भोंगा एकदा वाजवून बघा.

थोडक्यात

काटा चढला तर आधी गाडी थांबवा आणि पाणी बघा. मग कनेक्टर बघा, मग मीटर लावा, मग बर्फ आणि उकळतं पाणी. नवा सेन्सर विकत घेणं ही शेवटची पायरी. आणि घेतलाच तर बसवायच्या आधी तोही मोजा, कारण नवा म्हणजे चांगलाच असेल असं नाही.

मीटर वापरता येत नसेल तर लाजू नका. घरात कॉलेजला जाणारं पोरगं-पोरगी असेल त्यांना हाताशी घ्या, अर्ध्या तासात जमेल. तुमच्या गाडीच्या सेन्सरचे ०, ३० आणि १०० अंशांचे आकडे गाडीच्या नावासह खाली लिहा. आपल्याच गाड्यांचा आपला तक्ता तयार होईल, रात्री रस्त्यात अडकलेल्या कुणाच्या तरी कामी येईल.

हा पाठ तुमच्या ड्रायव्हरला आणि तांडेलाला आजच वाचून दाखवा.